पाच किलोचा डंबेल, पन्नास किलोची ओढ

प्रश्न : कोपर काटकोनात वाकवून पाच किलोचा डंबेल धरला की दंड लगेच भरून येतो. हात खाली सोडून तोच डंबेल धरला तर दंडाला काहीच वाटत नाही. वजन तर तेवढंच आहे. दंडाला नेमका किती जोर लागतो?

उत्तर : शाळेत शिकलेली तरफ आठवा. इथे कोपर हा टेकू, हातातला डंबेल हा भार आणि बल लावणारा दंडाचा पुढचा स्नायू, म्हणजे बायसेप्स. हा स्नायू हाडाला जोडला जातो तो कंडरेने. कोपर काटकोनात ठेवून दुसऱ्या हाताची बोटं कोपराच्या घडीत टेकवा, दोरीसारखी ताठ झालेली ती कंडरा बोटांना लागेल. कोपराच्या सांध्यापासून ती जेमतेम ४ सेंटिमीटरवर चिकटलेली असते. तळहातातला डंबेल मात्र ३५ सेंटिमीटरवर असतो.

आता हिशेब करा. डंबेलचे ५ × ३५ = १७५. कोपरापुढच्या हाताचं स्वतःचं वजन दीड किलो आणि त्याचा गुरुत्वमध्य १५ सेंटिमीटरवर धरला तर आणखी २२.५. एकूण १९७.५ ला ४ ने भागा. सुमारे ४९ किलो भाराइतकी ओढ स्नायूंना द्यावी लागते! (बायसेप्सच्या खाली दडलेला एक स्नायूही यात वाटा उचलतो.) खाली खेचणारा भार साडेसहा किलोचा आहे, तो वजा केला तर उरलेला जवळपास ४३ किलोचा दाब कोपराच्या सांध्यावर येतो. न्यूटनमध्ये हवं असेल तर प्रत्येक किलोला ९.८ ने गुणा.

हात खाली सोडला की डंबेल कोपराच्या थेट खाली येतो. आडवं अंतर शून्याजवळ गेलं की बायसेप्सला कामच उरत नाही. आता भार बोटांवर आणि सांध्याभोवतीच्या अस्थिबंधांवर असतो, म्हणून या वेळी आधी थकतात ती बोटं.

इतका तोट्याचा व्यवहार शरीर का करतं? वेगासाठी. स्नायूचा तंतू आखडून आखडून आपल्या लांबीच्या निम्म्यापर्यंतच येऊ शकतो. पण कंडरा सांध्याच्या इतकी जवळ असल्याने स्नायू १ सेंटिमीटर आखडला की तळहात जवळपास ९ सेंटिमीटर हलतो. चेंडू फेकता येतो, घास तोंडापर्यंत नेता येतो, तो याच सोयीमुळे.

हेच गणित कमरेत जास्त महागात पडतं. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून साधारण ५ सेंटिमीटरवर ओढतात. २० किलोचं खोकं कमरेपासून ५० सेंटिमीटर पुढे धरलं तर त्या खोक्यापायीच २०० किलोची ओढ लागते. २५ सेंटिमीटरवर आणलं तर १००. वाकलेल्या धडाचा भार यात धरलेलाच नाही. ‘गुडघे वाकवून उचला’ हा सल्ला आम्हाला अर्धवट वाटतो. गुडघे वाकवले आणि खोकं गुडघ्यांच्या पुढेच राहिलं, तर अंतर कमी झालेलं नसतं. आधी खोकं दोन पावलांच्या मध्ये घ्या, पोटाशी आणा, मग उठा.

प्रश्न : आईचा उजवा खुबा दुखतो. ती काठी उजव्याच हातात धरते. डाव्या हातात धरायला हवी असं एकाने सांगितलं, ते उलटं नाही का वाटत?

उत्तर : वाटतं उलटं, पण डावा हातच बरोबर.

चालताना प्रत्येक पावलाला काही क्षण सगळं शरीर एका पायावर तोललेलं असतं. उजव्या पायावर उभं राहिलं की धड डावीकडे कलंडू पाहतं. ते सावरतात उजव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू. आईंचं वजन ६० किलो धरू. टेकलेला पाय वगळता उरलेले ५० किलो खुब्याच्या मध्यापासून १० सेंटिमीटर आत खाली खेचतात आणि स्नायू ५ सेंटिमीटर बाहेरून ओढतात. म्हणजे ओढ १०० किलोची आणि सांध्यावर दाब १५० किलोचा, शरीराच्या वजनाच्या अडीचपट.

डाव्या हातातल्या काठीवर ८ किलोचाच भार दिला, तरी ती दुखऱ्या खुब्यापासून निदान ३० सेंटिमीटर दूर असते. ८ × ३० = २४०. स्नायूंची ओढ ५२ किलोवर येते आणि सांध्यावरचा दाब ९४ च्या आसपास. आठ किलोंनी छप्पन्न किलो वाचवले! काठी उजवीकडे असेल तर हा फायदा मिळत नाही, उलट धड दुखऱ्या बाजूला झुकवत चालावं लागतं.

काठीची उंची अशी मोजा : रोजच्या चपला-बूट घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीला यायला हवी. काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे टाकायचे. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय.

प्रश्न : डोंगर चढताना धाप लागली, पण दोन दिवसांनी मांड्या दुखल्या त्या उतरल्यामुळे, असं म्हणतात. खरं आहे?

उत्तर : खरं आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकसारखा जोर लावत असतो. ताणल्या जाणाऱ्या तंतूतून जास्त बल निघतं, म्हणून थोडेच तंतू कामाला लागतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला जास्त भार येतो. त्यांत सूक्ष्म इजा होतात. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतं. लॅक्टिक आम्लाला त्याचा दोष देऊ नका, ते तास-दीड तासात ओसरलेलं असतं. हलकं चालत राहा. मोठ्या चढाईआधी काही दिवस थोडे जिने उतरायचा सराव ठेवला तर पुढचं दुखणं बरंच कमी होतं. मात्र मांड्या खूप सुजल्या आणि लघवी चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : मनगट आत वळवलं की मूठ का ढिली पडते?

उत्तर : बोटं मिटणारे स्नायू कोपरापुढच्या हातात असतात आणि त्यांच्या कंडरा मनगटावरून जातात. मनगट आत वळलं की ते आधीच आखूड होतात, पुढे आखडायला वाव उरत नाही. शिवाय मागच्या कंडरा ताणल्या जाऊन बोटं उघडू पाहतात. घट्ट झाकण फिरवताना किंवा हातोडी धरताना मनगट २०–३० अंश मागे झुकलेलं ठेवा.