इंग्रजीत वेळ सांगताना बाय, अन्टिल, सिन्स, फॉर यांतलं कुठे काय वापरायचं?

ॲट, ऑन, इन पाठ आहेत, पण ऑफिसचा मेल लिहिताना ‘बाय’ की ‘अन्टिल’, ‘सिन्स’ की ‘फॉर’ इथे हात थांबतो, असं तुम्ही विचारलंय. मराठीत विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्या बहुतेकांचं इथेच अडतं. आपलं ‘पर्यंत’ आणि ‘पासून’ जेवढं काम एकेकटं उरकतं, तेवढ्याला इंग्रजीत दोन-दोन शब्द लागतात.

‘शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवा’ आणि ‘मी शुक्रवारपर्यंत रजेवर आहे’ ही वाक्यं शेजारी ठेवून बघा. रिपोर्ट एकदाच जायचाय, शुक्रवार ही त्याची मुदत; म्हणून ‘बाय फ्रायडे’. रजा मात्र तोवर चालूच राहणार. म्हणून ‘अन्टिल फ्रायडे’. अडलात तर वाक्यात ‘तोवर चालू’ बसतं का ते बघा. बसलं तर अन्टिल. रजेच्या मेलमध्ये एवढ्यावर थांबू नका, कारण खुद्द शुक्रवारी तुम्ही कामावर असाल की नाही, हे ‘अन्टिल फ्रायडे’ने पक्कं कळत नाही. ‘आय विल बी बॅक ऑन मंडे’ असं सरळ लिहावं.

‘पासून’चंही तसंच. ‘2022 पासून’ म्हणजे सुरुवात कधी झाली ते सांगितलं, तिथे सिन्स. ‘दोन वर्षांपासून’ म्हणजे काळ मोजून सांगितला, तिथे फॉर. क्रियापदही सांभाळा: ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ नाही, ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स’. मुलाखतीत ही चूक लगेच कानाला लागते.

‘इन’ मला सगळ्यांत फसवं वाटतं. ‘दोन तासांत येतो’ म्हणजे आपल्या लेखी दोन तासांच्या आत. ‘आय विल कम इन टू आवर्स’ ऐकणारा मात्र तुमची वाट दोन तासांनी बघेल. आतच यायचं असेल तर ‘विदिन टू आवर्स’ म्हणा.

बाकीचं तुम्हाला येतंच: घड्याळाच्या वेळेला ॲट, वार-तारखेला ऑन, महिना-वर्षाला इन. फक्त ‘इन द मॉर्निंग’ला वार जोडला की ते ‘ऑन मंडे मॉर्निंग’ होतं, आणि रात्रीला ‘ॲट नाइट’. ‘नेक्स्ट मंडे’, ‘लास्ट वीक’, ‘धिस इव्हिनिंग’ यांच्याआधी काहीच लावायचं नाही. आमच्याकडे तपासायला येणाऱ्या मेलमध्ये ‘ऑन नेक्स्ट मंडे’ हमखास असतं, आणि त्यातला ‘ऑन’ मी दरवेळी खोडते.