‘दोनशेपर्यंत’ म्हणजे किती?

प्रश्न : मी घरून ऑनलाइन शिकवण्या घेते, त्यावरच माझे घर चालते. चार महिन्यांपूर्वी २०० एमबीपीएसचा प्लॅन वर्षभराचे पैसे आगाऊ भरून घेतला. राउटर कंपनीचाच आहे. दिवसा स्पीड टेस्टचा आकडा ९३-९४ च्या पुढे कधी गेलाच नाही. मुलाने लॅपटॉपला वायर जोडून पाहिले, तरी तेवढाच. मोठी फाइल उतरवताना तर जेमतेम ११ दिसतात. रात्री आठनंतर १५-२०, आतल्या खोलीत त्याहून कमी, आणि शिकवणी मध्येच तुटते. तक्रार केली की ‘वाय-फायवर वेगाची हमी नसते, करारात २०० पर्यंत असे लिहिले आहे’ एवढेच ऐकवतात. कनेक्शन बंद करायचे तर उरलेले पैसे मिळणार नाहीत म्हणे. ग्राहक न्यायालयात जाता येईल का? तोवर त्यांचा राउटर अडकवून ठेवू का?

उत्तर : राउटरचे आधी सांगतो. अडकवून ठेवू नका. ती वस्तू तुमच्याकडे वापरापुरती सोपवलेली आहे. भारतीय करार अधिनियमाच्या कलम १६० प्रमाणे मुदत संपली किंवा काम झाले की ती परत करावी लागते. त्यांनी तुमचे पैसे दाबून ठेवले म्हणून तुम्हाला त्यांची वस्तू दाबून ठेवता येत नाही. उलट, आज तक्रारदार तुम्ही आहात. राउटर ठेवून घेतलात तर उद्या नोटीस तुम्हालाच येईल.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पत्रात एक नव्हे, तीन दुखणी आहेत आणि तिन्ही एकाच तक्रारीत कोंबल्यामुळे कंपनीला ‘वाय-फाय’ या एका शब्दावर निसटता येते.

पहिले दुखणे ९४ चे. दिवसभर, वायर लावूनही, आकडा एकाच ठिकाणी अडत असेल तर तो गर्दीचा परिणाम नसतो. गर्दीत आकडा खालीवर नाचतो. ९४ च्या आसपास थबकणे ही १०० एमबीपीएसच्या लॅन पोर्टची, म्हणजे राउटरवर वायर खोचायच्या जागेची, ओळखीची खूण आहे. पोर्टवर शंभर लिहिले असले तरी वरखर्च वजा जाता हाती एवढेच उरतात. (फाइल उतरवताना दिसणारे ११ हे वेगळे गाऱ्हाणे नाही. ते मेगाबाइट आहेत, प्लॅन मेगाबिटमध्ये असतो. आठाने गुणा, पुन्हा नव्वदीच्या आसपासच याल. हा मुद्दा तक्रारीत घातलात तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला तुम्हाला खोडून काढेल.) तेव्हा राउटरच्या तळाचा मॉडेल क्रमांक पाहा आणि पोर्ट शंभरचे आहेत की गिगाबिटचे (म्हणजे हजार एमबीपीएसचे), हे उत्पादकाच्या माहितीपत्रकात तपासा. पोर्ट गिगाबिटचे निघाले तर केबल बदलून पाहा. आतल्या आठ तारांपैकी चारच जुळल्या असतील तरी जोडणी शंभरवरच बसते. मुलाच्या लॅपटॉपचे पोर्टही बघायला विसरू नका. जुन्या लॅपटॉपमध्ये तेच शंभरचे असते आणि मग दोष घरचाच ठरतो.

समजा, राउटरच शंभरचा निघाला. मग माझ्या मते तुमची बाजू फार भक्कम होते. ‘दोनशेपर्यंत’ म्हणजे दरवेळी दोनशे नव्हे, हे कंपनीचे म्हणणे मी मान्य करतो. ‘पर्यंत’ ही कमाल मर्यादा आहे. पण त्या मर्यादेला कधी तरी, एखाद्या पहाटे तरी, पोहोचता आले पाहिजे. कंपनीने स्वतः बसवलेल्या यंत्रातून दोनशे बाहेर पडणेच अशक्य असेल, तर ‘दोनशेपर्यंत’ हे विधानच खोटे ठरते. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतील त्रुटीची व्याख्या आहे. कराराने कबूल केलेल्या दर्जातली उणीव तिच्यात येतेच, शिवाय महत्त्वाची माहिती ग्राहकापासून जाणूनबुजून दडवणेही येते. दोनशेचा प्लॅन विकताना हातात शंभरचे यंत्र ठेवणाऱ्याला ते ठाऊक नव्हते, हे पटवून देणे सोपे नाही.

मात्र उद्या कंपनी म्हणेल, ‘वाय-फायवर दोनशे मिळतात की, ५ गिगाहर्ट्झच्या (वाय-फायच्या वेगवान) पट्ट्यावर बघा.’ म्हणून राउटरशेजारी बसून ५ गिगाहर्ट्झवरची चाचणीही आधीच करून ठेवा. तिथे खरोखर दोनशे मिळत असतील तर हा मुद्दा ढिला पडतो. ते आत्ता कळलेले बरे.

दुसरे दुखणे रात्रीचे. संध्याकाळनंतर वेग कोसळतो आणि सकाळी सावरतो, त्या अर्थी भागातल्या ग्राहकांच्या मानाने कंपनीने पुढची, म्हणजे तिच्या नेटवर्कमधून बाहेरच्या इंटरनेटकडे जाणारी, क्षमता कमी घेतली असावी. यासाठी पुरावा मात्र शिस्तीने जमवा. दहा-बारा दिवस, सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास, वायर लावून, घरातली बाकीची उपकरणे बंद ठेवून चाचणी घ्या. प्रत्येक वेळी दोन चाचण्या : एक कंपनीच्याच सर्व्हरवर, दुसरी बाहेरच्या सर्व्हरवर. रात्री पहिली उत्तम आणि दुसरी रडकी आली, तर घरापर्यंतची लाइन ठीक आहे आणि नेटवर्कमधून बाहेर पडणारी वाट अरुंद आहे, असा अंदाज बांधता येतो. ‘बाहेरचे इंटरनेट आमच्या हाती नाही’ हा बचाव एखाद्या दूरच्या संकेतस्थळापुरता चालेल. रोज रात्री सगळेच रखडत असेल तर नाही; पुढची क्षमता विकत घेणे हेच तर कंपनीचे काम. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ आणि सर्व्हरचे नाव दिसू द्या. इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र असते. ग्राहक आयोग (तुम्ही म्हणता ते ग्राहक न्यायालय) पुराव्याच्या नियमांना काटेकोरपणे बांधलेला नसला, तरी प्रतिज्ञापत्रासोबत ते जोडलेले बरे.

तिसरे दुखणे आतल्या खोलीचे. ते तक्रारीतून काढून टाका. भिंती, शेजाऱ्यांचे राउटर, २.४ गिगाहर्ट्झवरची दाटी यांना कंपनी जबाबदार नाही. तिथे चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी मोकळा असेल तो निवडा, राउटर मोकळ्या जागी उंचावर ठेवा. बहुधा थोडा फरक पडेल.

ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, दर्जाविषयक नियमांवर फार विसंबू नका. २००६ च्या नियमांत कंपनीच्या नोडपासून (तिच्या नेटवर्कच्या जोडकेंद्रापासून) ग्राहकापर्यंतच्या टप्प्यात, घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळावा असा निकष होता. ऑक्टोबर २०२४ पासून नवी एकत्रित नियमावली लागू आहे. पण असे निकष अख्ख्या नेटवर्कची कामगिरी जोखण्यासाठी असतात, आणि ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. तुमचा आधार म्हणजे तुमचा करार, पावती आणि जाहिरात. २०२३ पासून सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस, हे कोणी पुढे केले तर हसून सोडून द्या. तुम्ही व्याख्या नाही, प्लॅन विकत घेतलाय.

आता पायऱ्या. कंपनीच्या तक्रार केंद्राकडून प्रत्येक तक्रारीचा डॉकेट (नोंदणी) क्रमांक घ्या. फोनवरच्या बोलण्याला कागदाशिवाय किंमत नसते. उत्तराने समाधान झाले नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जा. तिथे निकालाला ३९ दिवसांची मुदत आहे, शुल्क नाही. ही पायरी चढलीच पाहिजे अशी सक्ती नाही, पण चढलेली दिसली की आयोगापुढे तुम्ही उतावळ्या ठरत नाही.

त्यानंतर वकिलाची किंवा तुमच्या सहीची नोटीस, आणि मग तुम्ही राहता त्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग. तुम्ही भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत, असे कोणी दटावले तर दाद देऊ नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वाद मिटवला आहे, आणि दूरसंचार अधिनियम २०२३ च्या कलम ३० नेही ग्राहक कायद्याची वाट मोकळी ठेवली आहे.

‘शिकवण्या म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहकच नव्हे’ असा आक्षेप नक्की येईल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारी व्यक्ती कायद्याने ग्राहकच असते. म्हणून तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात ते वाक्य असू द्या.

मागणी बेताची ठेवा : उरलेल्या महिन्यांचे पैसे, गेलेल्या महिन्यांतला काही वाटा, मनस्ताप आणि खर्च. बुडालेल्या शिकवण्यांची भरपाई मागायची असेल तर पालकांचे त्या-त्या रात्रीचे निरोप आणि परत केलेली फी दाखवावी लागेल. मोघम मोठा आकडा टाकून काही हाती लागत नाही. ‘पैसे परत नाहीत’ ही अट अनुचित करार म्हणून रद्द करून मागू नका. तो अधिकार राज्य आयोगाकडे आहे आणि तुमची जिल्ह्यातली तक्रार तेवढ्यावरच लटकेल. सेवाच कबूल केलेली दिली नाही, म्हणून पैसे परत द्या, एवढेच मांडा.

आयोगात तक्रार दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची आहे, तेव्हा घाई नाही. आज संध्याकाळी फक्त राउटर उलटा करून मॉडेल क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. तक्रारीनंतर येणारा तंत्रज्ञ कधीकधी राउटरच बदलून जातो. बदलला तर जुन्या-नव्या दोन्ही क्रमांकांची नोंद असलेली पावती त्याच्या सहीनिशी मागून घ्या.