प्रिंटर नव्या नावाला ओळख देईल का?

प्रश्न : आमच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात तीन कॉम्प्युटर आहेत, तिन्हींवर विंडोज ११. काउंटरवरच्या मशीनचं नाव 'डेस्कटॉप' आणि पुढे सात अक्षर-आकड्यांची खिचडी असं आहे. प्रिंटर त्यालाच जोडलाय, आतली दोन मशीनं तिथूनच प्रिंट देतात. नाव बदलून 'काउंटर' ठेवायचंय. काही बिघडेल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : काउंटरवर काही बिघडणार नाही. बिघडेल ते आत. मी हे ठेच लागून शिकलोय. एका छापखान्यात शनिवारी संध्याकाळी हौसेने नाव बदललं, तिथूनच टेस्ट पेज काढलं, झकास आलं, घरी गेलो. सोमवारी सकाळी फोन. "दादा, लग्नपत्रिकेचं प्रूफ निघेना, पार्टी समोर बसलीये, प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय." प्रिंटर चालूच होता. आतलं मशीन जुन्याच नावाने हाका मारत होतं, आणि त्या नावाचं आता तिथे कुणी राहत नव्हतं.

म्हणून आधी आतल्या दोन्ही मशीनवर बसा. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, इंग्रजीत 'net use' टाइप करून एंटर मारा; दुसऱ्या मशीनवरून जोडलेल्या ड्राइव्हची यादी येईल. दोन उलट्या तिरक्या रेघांपुढे काउंटरचं जुनं नाव जिथे दिसेल, ते वहीत उतरवून घ्या. मग प्रिंटरची यादी आणि डेस्कटॉपवरचे शॉर्टकट बघा. एखादी एक्सेल फाइल काउंटरवरच्या फाइलमधून आकडे ओढत असेल तर तीही. ती हमखास विसरायला होते.

आता काउंटरवर सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट, 'रीनेम धिस पीसी'. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि जोडरेघ चालते, स्पेस नाही. नाव १५ अक्षरांत बसवा, शेअरिंगची जुनी पद्धत त्यापुढचं कापून टाकते. रीस्टार्ट केल्याशिवाय नाव लागू होत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक उभं असताना हा उद्योग नको.

मग वही उघडा. आत जुना प्रिंटर काढून नव्या नावाने जोडा, काउंटरवरून जोडलेले ड्राइव्हही तसेच. पासवर्ड पुन्हा विचारेल, कारण तो जुन्या नावाखाली साठवलेला होता. सी ड्राइव्हच्या 'यूजर्स'मधल्या फोल्डरचं नाव मात्र बदलणार नाही. ते माणसाचं, मशीनचं नव्हे. त्याला हात लावू नका.

आणि टेस्ट पेज आतल्या मशीनवरून काढा. दोन्ही.