पहिला वाढदिवस, एक लाखाचं कर्ज आणि सासूबाईंची गोधडी

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणाल्या आहेत. त्यांची मुलगी 17 जानेवारीला वर्षाची होईल. यजमानांना हॉल घेऊन दीडशे माणसांत वाढदिवस करायचा आहे. 1 लाख 85 हजारांचा अंदाज निघाला आहे: जेवण 67,500, हॉलचं भाडं 25,000, सजावट 30,000, फोटो-व्हिडिओ 28,000, आलेल्यांना द्यायच्या भेटी 22,500, केक आणि कपडे 12,000. यातले 85 हजार एफडी मोडून आणि 1 लाख वैयक्तिक कर्ज काढून उभे करायचे, असा विचार चालला आहे. सासूबाईंचं म्हणणं, ‘घरीच करू, मी नातीसाठी गोधडी शिवतेय ना.’ गेल्या वर्षी जाऊबाईंनी मुलाचा वाढदिवस थाटात केला होता, हेही पत्रात आहे. ‘मी पैशाकडे बघून माझ्या मुलीचं कौतुक कमी करतेय का?’ असं ताईंनी शेवटी विचारलं आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मी दोनदा वाचला. नाही, तुम्ही कौतुक कमी करत नाही आहात. कर्ज काढू नका आणि एफडीलाही हात लावू नका. वाढदिवस मात्र करा, चांगला करा. हातात अजून चार पगार आहेत. त्यांतून तो कसा होईल ते पुढे मांडतो.

आधी तुमची मिळकत. दोघांचे मिळून 74,000 हातात येतात: यजमानांचे 52,000 आणि तुमचे बालवाडीतले 22,000. घराचा हप्ता 21,500, घरखर्च 24,000, पेट्रोल-वीज-फोन 6,500, सासू-सासऱ्यांची औषधं 4,000, विम्याचे हप्ते महिन्याला विभागून 3,500 आणि एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) 3,000. महिन्याला 11,500 उरतात. या वयात आणि घराचा हप्ता चालू असताना एवढी शिल्लक राहते, याबद्दल तुम्हा दोघांचं कौतुक आहे.

आता ती 1,60,000 ची एफडी. तुम्ही तिला ‘पडून असलेले पैसे’ म्हटलं आहे, तो शब्द मला खटकला. एसआयपी सोडली तर तुमचं घर चालवायला महिन्याला 59,500 लागतात. म्हणजे ही एफडी अडीच महिन्यांपेक्षा थोडी जास्त पुरेल. त्यातून 85 हजार काढले की सव्वा महिना उरतो. आणि दर मे महिन्यात बालवाडी तुम्हाला पगार देत नाही, हे तुमच्याच पत्रात एका ओळीत येऊन गेलं आहे. सासरे 72 वर्षांचे आहेत, तुमच्या आरोग्यविम्यात ते नाहीत. अशा घरात ती एफडी म्हणजे रात्री दोन वाजता दवाखान्याच्या काउंटरवर भरायचे पैसे. (सासऱ्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं नसेल तर या महिन्यात काढा. 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तरी पूर्ण केलेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण त्यात मिळतं. तुमच्या जवळची कोणती रुग्णालयं यादीत आहेत ते आधी बघून ठेवा.)

कर्जाचं गणित लहान आहे. बँकेने सांगितलेल्या 14 टक्क्यांनी 1 लाख तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण 3,418 बसतो. एकूण 1,23,000 च्या आसपास परत करायचे, प्रक्रिया शुल्क वेगळं. शेवटचा हप्ता भराल तेव्हा लेकीचा चौथा वाढदिवस आलेला असेल. मधल्या काळात ती शाळेत जायला लागेल आणि फी सुरू होईल. पहिल्या वाढदिवसाच्या केकचे पैसे चौथ्या वाढदिवसापर्यंत फेडत राहायचे, हे मला पटत नाही.

इथे बरेच सल्लागार सांगतील की हेच पैसे सुकन्या समृद्धीत, म्हणजे मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेत, टाका आणि मोठा आकडा बघा. तो आकडा मीही काढला. दरमहा 3,400 तीन वर्षं भरले आणि 8.2 टक्के दर तसाच राहिला, तर खातं मुदतीला येईपर्यंत त्याचे साधारण 5 लाख 70 हजार होतात. पण हा दर सरकार दर तिमाहीला ठरवतं. शिवाय महागाई 6 टक्के धरली तर एकवीस वर्षांनंतरच्या 5 लाख 70 हजारांत आजच्या 1 लाख 68 हजारांएवढंच येईल. हे वाईट नाही, पण त्या आकड्याने एका आईला अपराधी वाटायला लावावं इतकं मोठंही नाही. माझा विरोध पुढच्या वीस वर्षांच्या हिशोबातून आलेला नाही. येत्या मे महिन्यात तुमची ओढाताण होऊ नये एवढ्यासाठी तो आहे.

पाकिटांचे 50-60 हजार येतील आणि खर्च भरून निघेल, असं यजमानांचं म्हणणं आहे. ते पैसे हिशोबात धरू नका. आहेर ही आपल्याकडे फिरती उधारी आहे. आज घेतलं की पुढच्या दोन वर्षांत त्या प्रत्येकाच्या बारशाला, मुंजीला, वास्तुशांतीला परत द्यायचं असतं. एक कराची गोष्टही आहे. आजी-आजोबा, मामा, मावशी, काका, आत्या यांनी दिलेल्या पैशावर कर नाही. पण मित्र, शेजारी, कंपनीतले सहकारी, एवढंच काय तुमचे चुलतभाऊ-मामेभाऊ हेसुद्धा कायद्याच्या व्याख्येत मुलीचे ‘नातेवाईक’ नाहीत. अशा लोकांकडून वर्षभरात मिळून 50 हजारांपेक्षा जास्त आले तर पूर्ण रक्कम करपात्र होते. लग्नातल्या आहेराला सूट आहे, वाढदिवसाला नाही. आणि मुलीच्या नावावर आलं तरी ते आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात धरलं जातं.

आता हातांनी केलेल्या वस्तूंबद्दल. तुमच्या पत्रातला हा भाग मला सगळ्यात आवडला आणि काळजीही त्याचीच वाटली. पैसे वाचावेत म्हणून दीडशे पाहुण्यांना लोकरीचे छोटे बटवे तुम्ही आणि सासूबाई विणणार, असं तुम्ही लिहिलं आहे. ताई, एका बटव्याला दीड तास लागतो, हे तुमचंच. दीडशे बटव्यांचे 225 तास होतात. रोज दोन तास, एकही दिवस न चुकवता बसलात तर 112 दिवस. लोकर 40 रुपयांची धरली तरी 6,000 त्यातच गेले. म्हणजे 22,500 मधले वाचणार 16,500, तासाला 73 रुपये. आणि ते तास कुठून येणार? दिवसभर बालवाडी, रात्री बाळाचं उठणं, यातून जी थोडी झोप मिळते ती जाईल, किंवा सासूबाईंचे डोळे आणि गुडघे त्यात खर्ची पडतील. घरच्या बायकांची मेहनत फुकट असते असं धरून केलेली बचत मी बचत मानत नाही.

आणि ते बटवे दीडशे घरांत कुठल्या ड्रॉवरमध्ये जाऊन पडतील, हे तुम्हालाही माहीत आहे. गोधडीचं तसं नाही. सासूबाईंनी त्यांची दोन जुनी लुगडी आणि तुमच्या डोहाळजेवणाच्या साडीचा काठ घेतलाय, असं तुम्ही लिहिलंय. धावदोऱ्याने भरलेली ती गोधडी मुलगी दहा वर्षं पांघरेल, मग तुम्ही ती घडी करून कपाटात ठेवाल. माझ्या आईने माझ्या मुलासाठी शिवलेलं दुपटं अजून आमच्याकडे आहे, मुलगा आता कॉलेजात जातो. त्याच्या पहिल्या वाढदिवसाला किती लोक जेवले हे मला आज आठवत नाही. तेव्हा हाताची वस्तू एकच असू द्या आणि ती लेकीसाठी असू द्या. बाकी बटव्यांचा विचार सोडून द्या.

वाढदिवस घरगुती करायला तुमच्याकडे एक फार सुंदर कारण आहे. लेक 17 जानेवारीची, म्हणजे गेल्या संक्रांतीला ती जन्मलीच नव्हती. तिची ही पहिली संक्रांत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण करतात, तर ते वाढदिवसाच्या दिवशीच करा. काळं झबलं, हलव्याचे दागिने, बोरं, उसाच्या गंडेऱ्या, चुरमुरे, हरभरे, शेंगा. आलेली पोरं खाऊ गोळा करायला अशी तुटून पडतील की फुग्यांच्या कमानीची कुणाला आठवणही राहणार नाही. हलवा घरी करायला बसू नका, मंद आचेवर काटा यायला दिवस जातात. हलवा विकत आणा आणि दागिने घरी गुंफा; ते एका दुपारचं काम आहे आणि सासूबाईंना ते आवडेलही. संध्याकाळी औक्षण, केक, जेवण.

पैसे असे बसतील. चार पगारांतून 46,000 बाजूला पडतात. दिवाळीचा खर्च बोनसमधून निघतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तो मी धरलेला नाही. सोसायटीचा हॉल 3,000, साठ माणसांचं जेवण 280 रुपये ताटाने 16,800, सजावट 3,000, केक आणि कपडे 5,000, बोरन्हाणाचं सामान 2,500, पंधरा मुलांना शंभर-शंभरच्या खेळण्यांचे 1,500. आणि फोटो काढणारा तीन तासांसाठी 8,000. इथे मी हात आखडता घेणार नाही. तुमच्याकडे चार पिढ्या एकत्र आहेत. पणजीचा आणि लेकीचा एक नीट फोटो छापून भिंतीवर लागलाच पाहिजे. एकूण 39,800. उरलेल्या 6,200 मधून वाढदिवसानंतरच्या रविवारी दिवसभराची गाडी करा आणि सगळे निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला जा. गोदावरी आणि कादवाच्या संगमावरचं हे पाणपक्ष्यांचं अभयारण्य तुमच्या जिल्ह्यातच आहे. रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलेलं महाराष्ट्रातलं ते पहिलं ठिकाण. जानेवारीत बाहेरून आलेले पक्षी असतात. वर्षाच्या मुलीला त्यातलं काही आठवणार नाही, हे खरं. पण सासरे औषधं आणि डॉक्टर सोडून गेल्या वर्षभरात कुठे बाहेर पडलेले नाहीत, हे तुम्हीच लिहिलंय. सकाळी लवकर निघा, डबा घरून न्या.

यजमानांशी बोलताना आकड्यांनी सुरुवात करू नका. ‘ह्यांचा लहानपणी एकही वाढदिवस झाला नाही’ हे तुमचं वाक्य या सगळ्याच्या मुळाशी आहे, आणि ती इच्छा मला जराही उथळ वाटत नाही. त्यांना विचारा, त्या दिवसात त्यांना नेमकं काय बघायचंय. माझा अंदाज, त्यांच्या कंपनीतले पाच-सहा मित्र बायका-मुलांसह यावेत आणि लेक सगळ्यांच्या मधोमध असावी, एवढंच निघेल. त्या मित्रांना साठांत आधी जागा द्या आणि लांबच्या पाहुण्यांना नंतर. जाऊबाईंच्या कार्यक्रमाचं बोलणं निघालं तर तिथेच थांबवा; त्यांच्या घराचा हप्ता किती आणि उत्पन्न किती, हे आपल्याला माहीत नाही.

जानेवारीनंतर 11,500 चे असे भाग करा. 9,000 आपत्कालीन ठेवीत, आत्ताची एफडी धरून सहा महिन्यांचा खर्च म्हणजे 3,57,000 होईपर्यंत. दोन मे महिन्यांचा खड्डा धरून याला सव्वादोन वर्षं लागतील. 1,000 सुकन्या समृद्धीत. त्याहून जास्त सध्या नको, कारण लेक अठरा वर्षांची होईपर्यंत किंवा दहावी होईपर्यंत ते पैसे अडकून राहतात. आणि 1,500 चं बँकेतलं आवर्ती खातं (आरडी), डिसेंबरमध्ये मिळेल असं. त्यात साठलेले पैसे आणि वरचं व्याज म्हणजे दुसरा वाढदिवस आणि दुसरं बोरन्हाण. पाच वर्षांपर्यंत बोरन्हाण करायचं असतं, मधे शाळेचा पहिला दिवस येतो, एखादी सहल येते. हा खर्च दरवर्षी येणारच, तर त्याला घरच्या हिशोबात स्वतःचा रकाना हवा.

राहिली हॉलवाल्याला दिलेली 5,000 ची आगाऊ रक्कम. ते पैसे बुडू नयेत म्हणून 1,80,000 आणखी घालू नका. या आठवड्यातच फोन करा, तारीख मोकळी केली तर किती परत देता ते विचारा. चार महिने आधी सांगितलं तर काही तरी परत मिळायची शक्यता आहे. नाहीच मिळाले तर सोडून द्या आणि सोसायटीच्या सेक्रेटरींकडे 17 तारखेचा हॉल लिहून घ्या, संक्रांतीच्या आठवड्यात हळदीकुंकवांमुळे तोही लवकर भरतो.