वाचकांचे प्रश्न : पोलिसांची गाडी रात्री घरासमोर

प्रश्न : आमच्या गल्लीत एका पोलीस अधिकाऱ्यांचे बिऱ्हाड आहे. महिन्यातून आठ-दहा रात्री त्यांच्या दारात ‘पोलीस’ असे लिहिलेली गाडी उभी असते. माझा भाचा अमेरिकेत इंडियानापोलिसला असतो. तिथे शेजारचा साधा गस्तीवरचा पोलीससुद्धा गाडी रोज घरी नेतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, असे तो सांगतो. आपल्याकडे हे नियमात बसते का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : भाच्याने योगायोगाने नेमक्या गावाचे नाव घेतले आहे. गस्तीची गाडी पोलिसाच्या नावे नेमून द्यायची आणि ड्युटी संपल्यावर ती घरी नेऊ द्यायची, ही पद्धत इंडियानापोलिसने 1969 मध्ये मोठ्या प्रमाणावर अमलात आणली. रंगवलेली गाडी गल्लीत उभी दिसली की चोराला धाक बसतो, हा त्यामागचा एक विचार होता. दुसरा विचार असा की, तीन पाळ्यांत तीन हातांतून फिरणाऱ्या गाडीपेक्षा एकाच माणसाच्या ताब्यातील गाडी अधिक निगुतीने राखली जाते. त्या मोबदल्यात ड्युटीवर नसतानाही गाडीतला बिनतारी संच चालू ठेवणे आणि जवळ काही घडल्यास धावून जाणे त्या पोलिसावर बंधनकारक होते. तिथल्या प्राप्तिकराच्या नियमांतही अशा गाडीचा विचार झालेला आहे. पोलीस सदैव बोलावण्यास बांधील असेल, गाडीवर पोलिसांची स्पष्ट खूण असेल आणि अटकेचे अधिकार जिथवर चालतात त्या हद्दीबाहेर ती खाजगी कामासाठी नेण्यास मनाई असेल, तर घर ते ठाणे हा प्रवास त्याचे उत्पन्न धरला जात नाही.

आपल्याकडे मुळातच दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली म्हणजे, आपल्या पोलीस दलात गाडी माणसाच्या नावे नसते, ती कामासाठी किंवा पदासाठी दिलेली असते. अधिकाऱ्याची बदली झाली की तो जातो आणि गाडी ठाण्यातच राहते. 112 क्रमांकाच्या हाकेला धावणारी गाडी चोवीस तास फिरती असते. पाळी बदलली की माणसे बदलतात, इंजिन मात्र थंड होत नाही. अशी गाडी कोणाच्या दारात रात्रभर उभी राहिली, तर त्या रात्री त्या हद्दीत गाडीच नव्हती, असा त्याचा सरळ अर्थ होतो. या गाड्यांत मोबाईल डेटा टर्मिनल बसवलेला असल्यामुळे ती कुठे उभी आहे हे नियंत्रण कक्षाला दिसतेच. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या दिमतीची गाडी मात्र निराळी. रात्री दोन वाजता खून, अपघात किंवा दंगा झाला तर त्याला तिथे पोहोचावे लागते. त्यामुळे ती गाडी त्याच्या निवासापर्यंत जाणे हा कामाचाच भाग मानला जातो. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडली की कोणत्या घटकेला बोलावणे येईल याचा नेम नसतो, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. (अर्थात गाडी नागाळा पार्कातल्या सखल गल्लीत लावलेली असेल, तर ती स्वतःच पुरात अडकायची!)

दुसरी गोष्ट चालकाची, आणि खर्चाचे मर्म तिच्यातच आहे. अमेरिकेतला पोलीस स्वतः गाडी चालवतो. आपल्याकडे अधिकाऱ्याला सोडून चालक बहुधा गाडी ठाण्यात परत आणतो आणि सकाळी पुन्हा न्यायला जातो. समजा, शहरातील अधिकाऱ्याचे घर सुमारे 20 किलोमीटरवर कागलला आहे. गाडी रात्री त्याच्या दारातच राहिली तर जाऊन-येऊन 40 किलोमीटर होतात, पण चालकाने ती परत आणली तर तेच अंतर 80 होते, आणि त्यातील निम्म्या वाटेत गाडीत चालकाशिवाय कोणी नसते. म्हणून दारात उभी असलेली गाडी नेहमीच उधळपट्टीची खूण असते असे नाही. खरा प्रश्न अधिकारी इतक्या लांब का राहतो, हा आहे, कारण शासकीय कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे हे बंधन जुनेच आहे.

आपण लिहिता तशा महिन्यातील मोजक्याच रात्री गाडी दिसत असेल, तर त्या रात्री त्या अधिकाऱ्यांची रात्रगस्तीची पाळी असण्याची शक्यता मला अधिक वाटते. पाळीच्या मधल्या वेळात ते जेवायला घरी येत असतील.

प्रश्न : महाराष्ट्र पोलीस अधिनियमाप्रमाणे पोलीस चोवीस तास ड्युटीवर असतो. मग गाडीही चोवीस तास त्याचीच, असे एका ओळखीच्या हवालदारांनी मला ऐकवले. हे बरोबर आहे का? आणि गाडी खाजगी कामाला वापरली जाते की नाही, हे सामान्य माणसाने कसे पाहावे?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : 1951 च्या त्या अधिनियमाच्या कलम 28 मध्ये पोलीस अधिकारी सदैव कर्तव्यावर असल्याचे मानावे, असे म्हटले आहे. पण ते कलम माणसाविषयी आहे, डिझेलविषयी नाही. त्यातून मुलांना शाळेत सोडण्याचा परवाना निघत नाही.

पाहायचे ते लॉगबुक. त्यात तारीख, निघाल्याची व परतल्याची वेळ, मीटरचे आकडे, प्रवासाचे कारण, भरलेले इंधन आणि वापरणाऱ्या अधिकाऱ्याची सही असते. एका अर्जदाराने दाखवलेले असे एक पान मी बारकाईने वाचले आहे. सलग चार दिवस कारणाच्या रकान्यात ‘स्थानिक’ एवढा एकच शब्द होता आणि पुढे कधी 38, कधी 43 किलोमीटर. ‘स्थानिक’ या शब्दाखाली बंदोबस्तही मावतो आणि भाजीही. म्हणून लॉगबुक एकटे मागू नका, त्याच तारखांच्या स्टेशन डायरीतील त्या अधिकाऱ्याच्या येण्या-जाण्याच्या नोंदीही मागा. दोन्ही शेजारी ठेवले की काय ते दिसते.

अर्ज माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली करावा. शुल्क 10 रुपये आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द चालतात, त्यामुळे गाडीचा क्रमांक व मागील महिन्याच्या ठरावीक तारखा लिहून थांबावे. उत्तर 30 दिवसांत मिळायला हवे, न मिळाल्यास प्रथम अपील करता येते. चालू गस्तीचे मार्ग व वेळा विचारू नयेत. तपासात अडथळा येईल किंवा कोणाच्या जिवाला धोका होईल अशी माहिती कलम 8 खाली नाकारता येते, आणि इथे ती नाकारणे योग्यही ठरेल.

प्रश्न : दारातल्या गाडीचा फोटो काढून गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला तर चालेल का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : टाकू नये. त्या फोटोत गाडीबरोबर अधिकाऱ्याचे घरही येते आणि त्याने पकडलेल्या माणसालाही ते दिसू शकते. गाडीचा क्रमांक, तारीख आणि वेळ एका कागदावर लिहून पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या आवक विभागात द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा.