मांजरपाटातलं मांजर

प्रश्न आला आहे: “मांजरपाट म्हणजे खादीच ना? आणि त्यात मांजर कुठून आलं?”

खादी नव्हे हो! जाडंभरडं, कोरं सुती कापड दिसलं की खादी म्हणून मोकळं व्हायचं, हे ऐकून कान किटले. खादी हातसुताची, हातमागावरची. मांजरपाट गिरणीचा. लेंगे, बंड्या, गाद्यांच्या खोळी वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे.

आता मांजर. जुनी माणसं ‘मादरपाट’ही म्हणतात, आणि खरी गंमत त्या ‘द’मध्ये आहे. आंध्रात नरसापूरला लागून, गोदावरीच्या मुखाकडे, मादापोलम आहे. तिथे ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती. तिथल्या सुती कापडाला गावाचंच नाव पडलं, ते पार फ्रेंच-स्पॅनिश कोशांत जाऊन बसलं. माझं मत असं की मराठीत त्याच्या शेपटीला आपला ‘पट’, म्हणजे कापड, चिकटला, आणि उरलेल्या ‘मादर’चा अर्थ लागेना म्हणून लोकांनी त्याचं मांजर केलं. अनोळखी शब्दाला घरचं जनावर करून टाकायची आपली खोडच आहे. काही पंडित मांजरपाट मँचेस्टरवरून आणतात. खुशाल आणोत, पण मग ‘पाट’ कुठला आणि ‘च’चा ‘द’ कोणत्या नियमानं झाला, तेही सांगावं.

राग याचा येतो की कापड तर मँचेस्टरनं नेलंच होतं, आता नावही आपण फुकट देतोय. मँचेस्टरच्या परिसरातल्या, लँकेशायरच्या यंत्रमागांवर मादापोलम निघू लागलं आणि गोदावरीकाठचं नाव लावून इथेच विकायला आलं. त्र्यंबकेश्वरी उगवणाऱ्या नदीचं कापड आगबोटीनं इंग्लंडहून! मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या तर लँकेशायरच्या दडपणाखाली सरकारनं १८९६ मध्ये देशी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के कर बसवला. टिळकांनी बहिष्काराची हाक दिली ती तेव्हाच, वंगभंगाच्या नऊ वर्षं आधी. शब्दांकडे कान असतील तर जमशेटजी टाटांच्या गिरण्यांची नावं ऐका: नागपुरात १८७७ ला ‘एम्प्रेस’, कुर्ल्यात १८८६ ला ‘स्वदेशी’. गांधीजींच्या चरख्याआधी कितीतरी वर्षं हा शब्द भोंग्याच्या आवारात पोचला होता. १९३० मध्ये परदेशी कापडाच्या ट्रकखाली जीव दिलेला बाबू गेनूही गिरणी कामगारच.

तर, गादीच्या खोळीला मांजरपाटच मागा. खादी म्हणालात तर दुकानदार दुप्पट भाव लावेल.