युरोपसाठी मार्गदर्शिका कोणती घ्यावी?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही निवृत्त आहोत. येत्या सप्टेंबरात 18 दिवसांत पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना आणि रोम ही शहरे सहल कंपनीबरोबर न जाता, बेताच्या खर्चात पाहण्याचा विचार आहे. खजुरी बाजारात संपूर्ण युरोपची 2018 सालची जाडजूड मार्गदर्शिका अर्ध्या किमतीत मिळते आहे. ती घ्यावी, की प्रत्येक शहराचे वेगळे पुस्तक घ्यावे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ती प्रत घरी बसून वाचायला अवश्य घ्या, तिच्या भरवशावर तिकिटे मात्र काढू नका. कोणता भाग पायी हिंडावा, कोणत्या चित्रासमोर थांबावे, हे सांगणारी पाने सहसा जुनी होत नाहीत; दर आणि आरक्षणाचे नियम मात्र बदलत राहतात. युरोपबाहेरून येणाऱ्यांसाठी पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयाचे तिकीट जानेवारी 2026 पासून 32 युरो झाले, हे त्या पुस्तकात असणे शक्यच नाही. नाझींपासून लपून रोजनिशी लिहिणाऱ्या अ‍ॅन फ्रँकच्या घराची तिकिटे तर फक्त त्यांच्या संकेतस्थळावर, सहा आठवडे आधी, दर मंगळवारी खुली होतात. हे ठाऊक नसेल, तर अ‍ॅमस्टरडॅमला जाऊनही ते घर बाहेरूनच पाहून परतावे लागेल.

पाच शहरांची पाच पुस्तके पैशाला आणि पाठीलाही जड होतील. लोन्ली प्लॅनेट या मार्गदर्शिका काढणाऱ्या प्रकाशनाच्या युरोपवरील पुस्तकात पुष्कळ शहरे येतात, पण प्रत्येकाला पाने थोडी मिळतात. अमेरिकी मार्गदर्शिका-लेखक रिक स्टीव्हज मोजकीच ठिकाणे निवडतात आणि संग्रहालयात कोणत्या दालनातून कोणत्या दालनात जावे, इथपर्यंत हात धरून नेतात. तेव्हा पॅरिस आणि रोम यांसाठी स्टीव्हज यांची ताजी आवृत्ती आणि उरलेल्या तीन शहरांसाठी युरोपचे एकच पुस्तक, असे मी सुचवीन. छायाचित्रांनी भरलेल्या गुळगुळीत कागदाच्या पुस्तकांचा मोह टाळावा. ती देखणी असतात, पण पाहुण्यांसमोर ठेवण्यासाठी अधिक बरी.

विकत घेण्यापूर्वी दुकानातच एक परीक्षा घ्या. पॅरिसच्या प्रकरणात लूव्ह्र मंगळवारी आणि ओर्से हे दुसरे संग्रहालय सोमवारी बंद असते, हे चटकन सापडते का, ते पाहा. मग व्हिएन्नाचे प्रकरण उघडा. मध्यरात्री इंदूरच्या सराफा बाजारात जाऊन खाण्याची सवय असलेल्या आपल्या माणसांना खरे वाटत नाही, पण तिथे रविवारी, मोठ्या रेल्वे स्थानकांवरची काही सोडली, तर किराणा दुकाने बंद असतात. जे पुस्तक शनिवारीच पाव, दही, फळे आणून ठेवायला सांगते, ते काटकसरीने राहणाऱ्याचा विचार करून लिहिलेले आहे असे समजावे. स्वस्त निवास म्हणून ते केवळ दहा खाटांची सामायिक खोली सुचवत असेल, तर मात्र ते तुमच्या वयाच्या जोडप्यासाठी नाही.

प्रवासात पुस्तकाची पाने शहरागणिक सुटी करून न्यावीत, असे स्टीव्हज स्वतःच सांगतात. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या आपल्याला ते जिवावर येईल. म्हणून प्रत्येक शहराच्या आवश्यक तेवढ्या पानांच्या झेरॉक्स काढून टाचून घ्या आणि मूळ पुस्तके घरीच राहू द्या.